‘सौ. ताई’ म्हणजे कोणाची ताई?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच आहे : जुन्या फोटोतली ही व्यक्ती अमुकच, हे नक्की कसं करायचं? ठाण्यात जुनी घरं पाडून इमारती उठताहेत. माळे रिकामे होतात, ट्रंका उघडतात आणि आपलीच माणसं आपल्याला अनोळखी होऊन भेटतात. माझे वडील ठाण्यात एका स्टुडिओत निगेटिव्हवर रिटचिंग करायचे. त्यांच्या टेबलाशेजारी बसून मी फोटो बघायला शिकले, त्यामुळे ही पत्रं वाचताना माझा वेळ कसा जातो ते कळत नाही. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात एका बाईचा चेहरा हरवलेला आहे.

प्रश्न : ताई, चरईतलं आमचं स्वतःचं घर पुनर्विकासाला गेलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत साठेक फोटो आणि एक जमाखर्चाची वही सापडली. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या एका फोटोवरून घरात वाद पेटला आहे. खुर्चीत पगडीवाले गृहस्थ, दोन बाजूंना नऊवारीतल्या दोन बायका उभ्या, एकीच्या कडेवर बाळ, पुढे टोपी घातलेला नऊ-दहा वर्षांचा मुलगा. मागे शाईनं लिहिलंय : ‘सौ. ताई, मंडळी, बाळ. ठाणे, शके १८५३.’ यातले गृहस्थ आणि बाळाला घेतलेली बाई एवढ्या दोघांचाच मोठा केलेला फोटो आमच्या दिवाणखान्यात पन्नास वर्षं आहे. पणजोबा-पणजी म्हणून आम्ही त्याला हार घालतो. मोठे काका (पुणे, वय ७६) म्हणतात, पणजोबांच्या उजव्या गालावर तीळ होता, तो फोटोत दिसतोय आणि मुलगा म्हणजे आमचे आजोबा. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९२६ आहे. पणजोबा १९४४ साली गेले, पणजी १९६२ साली. डोंबिवलीची आत्या (वय ८४) म्हणते, हे पणजोबांचे थोरले भाऊ. (ती असंही म्हणते की तिची आजी, म्हणजे आमची पणजी, हा फोटो बघून म्हणायची, ‘मी नाही हो ह्यात, मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते.’ पण आत्याचं आता वय झालंय.) बाबांच्या पंचाहत्तरीला पुस्तिका छापतोय. फोटोखाली काय लिहू? दोन्ही फोटोंचे स्कॅन पाठवले आहेत.
— एक वाचक, सध्या नौपाडा, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तुम्ही कंसात घातली आहे. ती आधी बाहेर काढते.

आत्याबाईंचा जन्म १९४१च्या आसपासचा, मोठ्या काकांचा १९४९च्या. म्हणजे काकांनी पणजोबांना पाहिलेलंच नाही, आणि आत्याबाईंनी पाहिलं तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. पणजोबांच्या चेहऱ्याबद्दल दोघांचीही साक्ष दुबळी. पण आत्याबाई चेहऱ्याबद्दल बोलतच नाहीयेत. त्या खुद्द पणजींचं बोलणं सांगताहेत, आणि पणजी गेल्या तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. ज्या बाईवरून वाद आहे, तिचंच हे वाक्य, तेही कारणासकट. वय झालं म्हणून ते कंसात टाकू नका. म्हातारी माणसं सकाळी काय खाल्लं ते विसरतात, पण आजीच्या तोंडचं वाक्य ‘हो’सकट त्यांना आठवतं.

आणि कारण सांगितलं आहे म्हणजे ते तपासता येतं. शके १८५३मध्ये ७८ मिळवा : १९३१चा गुढीपाडवा ते १९३२चा गुढीपाडवा. या काळात पणजींना मूल झालं होतं का? आजोबांच्या पाठचं भावंड कधीचं? लहानपणीच गेलेलं असेल तरी ते मोजा. नोंद ठाण्यात शोधू नका. बाळंतपण माहेरी झालं तर जन्माची नोंद माहेरगावची. खेडं असेल तर कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४मध्ये बघायची. ही जुनी बुकं तालुक्याच्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात आणि बरीचशी मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारं माणूस सोबत न्या.

आता मुलगा. १९३१ साली आजोबा पाच वर्षांचे असणार, फोटोतला मुलगा तुम्हीच नऊ-दहाचा म्हणता. दाखल्यावरची १ जून ही तारीख बघून मी थोडी थबकले, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि जन्मतारीख माहीत नसलेल्या कितीतरी मुलांना मास्तर ‘१ जून’ लावून मोकळे व्हायचे. माझ्या ओळखीतल्या ज्येष्ठांत १ जूनचे निदान आठ जण निघतील. पण असा फरक वर्ष-दीड वर्षाचा, फार तर दोनाचा. पाचाचं दहा त्यात होत नाही. अर्थात तारीख फोटो काढल्याची आहे की मागे लिहिल्याची, हे आपल्याला ठाऊक नाही. फोटो आधीचा असेल तर आजोबा त्यात आणखीच लहान असणार. म्हणजे तो मुलगा आजोबा असण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी कमीच होते. मात्र फोटो १९२६-२७चा निघाला, तर कडेवरचं बाळ आजोबा असू शकतं. ही शक्यता मी अजून पुसलेली नाही. बाळाच्या अंगात झालर असलेलं झबलं आणि कानात डूल आहेत, पण त्यावरून मुलगी ठरवू नका. जावळ काढेपर्यंत मुलग्यांनाही असंच सजवायचे.

आता तीळ. तुमचे दोन्ही स्कॅन मी शेजारी ठेवून पाहिले. भिंतीवरच्या मोठ्या फोटोत बाईची नथ उजव्या नाकपुडीत आहे. आपल्याकडे नथ डावीकडे घालतात. मूळ फोटोत ती डावीकडेच आहे. गृहस्थांच्या कोटाचंही तसंच. मूळ फोटोत डावी बाजू उजवीवर आली आहे, जशी पुरुषांच्या कोटात येते, मोठ्या फोटोत उलट. मोठा फोटो करताना स्टुडिओवाल्यानं जुन्या फोटोचा फोटो काढला आणि ती कॉपी निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये उलटी बसली. असं पुष्कळ व्हायचं. चेहऱ्यात ते कोणाच्या लक्षात येत नाही, नथ आणि बटणं मात्र चुगली करतात. तेव्हा काकांना आठवतोय तो ‘उजव्या गालावरचा तीळ’ मूळ फोटोत डाव्या गालावर आहे. काकांची आठवण खोटी नाही. ती भिंतीवरच्या फोटोची आठवण आहे. लहानपणापासून बघितलेला फोटो आणि बघितलेलं माणूस यांची मनात सरमिसळ होते, माझीही झाली आहे. शिवाय मूळ स्कॅन मोठा करून बघा : तसेच, तेवढेच दोन ठिपके मागच्या रंगवलेल्या पडद्यावरही आहेत. भिंगाखाली मूळ फोटो धरा. तो माशीचा डाग असावा असं मला वाटतं.

काकांना हे सांगताना जपून सांगा. पणजींना त्यांनी पाहिलंय, तेरा वर्षांचे होते, त्यामुळे ‘मी ओळखतो’ असं ते म्हणतील. पण त्यांनी पाहिली ती पन्नाशी उलटलेली, कुंकू नसलेली आजी. पंचविशीतला चेहरा त्यांनीही फोटोतच पाहिला.

जोडपं कसं झालं, तेही बघा. मूळ फोटोत खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दोन बायका आहेत. मोठा करताना एक कापली आणि मागे नवी पार्श्वभूमी रंगवली. ‘जोडी’ ही त्या कात्रीनं तयार केली आहे. खुर्चीच्या पाठीवर मोठ्या फोटोत जी चार बोटं अर्धवट दिसतात ती कापलेल्या बाईची आहेत. कोण कोणाची बायको, हे त्या भिंतीवरच्या फोटोवरून ठरवताच येत नाही.

राहिली मागची ओळ. जुन्या फोटोमागचं लिखाण वाचताना मी पहिला प्रश्न विचारते तो ‘यात कोण आहे’ हा नसतो, ‘हे लिहिलं कोणी’ हा असतो. ‘ताई’ हे नाव नव्हे, नातं आहे, आणि नातं लिहिणाऱ्यापासून मोजायचं. एकत्र कुटुंबांत तर मुलं आईलाही ताई, वहिनी, काकू म्हणायची, कारण घरात बाकीचे तसंच म्हणत. ‘सौ.’वरून एवढं कळतं की लिहिलं तेव्हा तिचा नवरा हयात होता. ‘गं. भा.’ असतं तर उलट कळलं असतं, ‘कै.’ असतं तर लिखाण मृत्यूनंतरचं ठरलं असतं, ‘चि. सौ. कां.’ असतं तर लग्नाच्या वेळचं. या दोन-दोन अक्षरांत आपल्या लोकांनी किती माहिती भरून ठेवली आहे! आणि ‘मंडळी’ हा शब्द घाईनं वाचू नका. आज आपण तो ‘घरचे लोक’ या अर्थानं वाचतो, पण त्या पिढीतला पुरुष ‘आमची मंडळी’ म्हणायचा तो बायकोला.

आता ओळ पुन्हा वाचा. थोरल्या भावानं लिहिली असेल तर : सौ. ताई म्हणजे त्याची बहीण, मंडळी म्हणजे त्याची बायको, बाळ म्हणजे त्याचं मूल. सगळं सरळ बसतं. स्वतःचं नाव लिहिलेलं नाही, कारण लिहिणारा स्वतःला कशाला लिहील? पण तुमच्या पणजोबांनी लिहिली असेल, तर ‘मंडळी’ म्हणजे पणजी ठरतील आणि आत्याबाईंचं वाक्य दुसऱ्या एखाद्या फोटोबद्दलचं मानावं लागेल. तेव्हा ती जमाखर्चाची वही उघडा. वही कोणाची, हे तिच्यातल्या नात्यांवरून कळेल. ‘दादास मनीऑर्डर’ अशी नोंद सापडली तर लिहिणारा धाकटा, म्हणजे तुमचे पणजोबा. मग त्यातला ‘ठाणे’चा ठ, ‘शके’चा श आणि आकडे, विशेषतः ५ आणि ८, फोटोमागच्या आकड्यांशी लावून बघा. जुळले नाहीत तर माझा कौल आत्याबाईंकडे. जुळले तर मला पुन्हा लिहा, मी पुन्हा पहिल्यापासून विचार करीन.

थोरल्या भावाला नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता का, हे कळायला फार फिरावं लागणार नाही. पुनर्विकासासाठी तुम्ही मिळकत पत्रिका काढलीच असेल. घर दोघा भावांचं असेल तर वारसांची नावं नोंदीच्या तारखांसह तिच्यावर सापडतील. घरातलं कोणी नाशिक-त्र्यंबकेश्वरी विधीला गेलं असेल तर क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत त्या काळचे भाऊ, मुलगे आणि गाव मिळू शकतं. तिथे बायकांची नावं मिळतीलच असं नाही, मिळाली तरी सासरची. म्हणूनच फोटोतली बाई पुरुषापेक्षा लवकर हरवते. लग्नात नाव बदललं, मग ती वहिनी झाली, आई झाली, आजी झाली, आणि मूळ नाव विचारणारं कोणी उरलं नाही.

आत्याबाईंकडे पुन्हा जा, पण एकट्या जा. काकांना बरोबर नेऊ नका आणि ‘हे थोरले पणजोबा ना?’ असं विचारू नका. हे मी अनुभवानं सांगते. माझी आई ८१ वर्षांची असताना एक फोटो पुढे धरून मी विचारलं, “ही आजी ना गं?” तिनं मान हलवली. मी मागे बॉलपेननं ‘आजी’ लिहून टाकलं आणि नातेवाइकांना प्रती वाटल्या. चार वर्षांनी तोच फोटो मामांकडे दुसऱ्या प्रतीत सापडला, मागे त्या काळातल्याच अक्षरात आईच्या काकीचं नाव. आई मला होकार देत होती, फोटोला नव्हे. मला खूश करायला. तोवर ती गेली होती. बॉलपेनचा दाब त्या काकीच्या पदरावर अजून उमटलेला आहे आणि ज्यांना प्रती दिल्या त्यांतल्या दोन घरांत ती अजून माझी आजी आहे. तेव्हा आत्याबाईंना फोटो द्या, ‘काय काय दिसतंय?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. मध्येच तुम्हाला पक्के माहीत असलेले दोन-तीन फोटोही दाखवा, म्हणजे त्यांची ओळख किती पक्की आहे ते कळेल.

आणि त्याच बैठकीत दुसरं काम करा, जे मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. भिंतीवर पन्नास वर्षं हार घेतला तो बहुधा पणजींच्या जावेनं. मग पणजी कुठे आहेत? त्या १९६२पर्यंत होत्या. ट्रंकेत साठ फोटो आहेत. मुंजी-लग्नांचे समूहफोटो काढा, १९४४नंतरचे, आणि त्यांत कुंकू नसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, कडेला बसलेल्या बायका बघा. विधवांना मध्ये बसवत नसत, हेही लक्षात ठेवून कडा आधी बघा. त्या वयातल्या पणजींना आत्याबाईंनी रोज पाहिलंय. तिथे त्यांची साक्ष पहिल्या प्रतीची आहे.

पुस्तिकेत आत्ता छापायचंच असेल तर असं छापा : ‘ठाणे, शके १८५३ (१९३१-३२) अशी मागे नोंद. खुर्चीत बहुधा पणजोबांचे थोरले भाऊ. दोघी स्त्रियांची ओळख अद्याप पटलेली नाही. माहिती : आत्या, वय ८४, पणजींकडून ऐकलेली.’ नाव कोणी, कोणाकडून ऐकून सांगितलं, हे नावाइतकंच छापा. जोडफोटो पुस्तिकेत घालू नका.

प्रश्न : ताई, आमच्या आजोबांचा ट्रकच्या हौद्यात इतर गावकऱ्यांबरोबर बसलेला कृष्णधवल फोटो आहे. घरात सांगतात, हा ८४च्या शेतकरी आंदोलनाला निघतानाचा. जानेवारीत हुतात्म्यांच्या कार्यक्रमासाठी तो बॅनरवर लावायचा आहे. मागे स्टुडिओचा शिक्का आहे, पत्त्यात ४००नं सुरू होणारा पिनकोड आहे आणि कागदावर पुसट इंग्रजीत ‘इंदू’ छापलंय. अडचण अशी की मृत्यूच्या दाखल्यावर आजोबांचं निधन १९८१ आहे. वडील म्हणतात, दाखल्यावर साल चुकलं असेल. आजोबांच्या चुलतभावाचंही नाव तेच होतं.
— वय ३१, घणसोली गावठाण

उत्तर : कागदापासून सुरू करू. ‘इंदू’ हा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा छाप, तिथलं उत्पादन १९६७ साली सुरू झालं. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२पासून आले. म्हणजे हा फोटो १९७२च्या ऑगस्टनंतर छापलेला आहे. एवढंच तो सांगतो. १९८४ तो कुठेच सांगत नाही.

मृत्यूचं साल चुकलं की नाही, हे दुसऱ्या कागदावरून ताडा. आजोबांच्या नावावर जमीन असेल तर वारसांचा फेरफार झाला असेल आणि तो माणूस गेल्यावरच होतो. फेरफाराची तारीख १९८४च्या आधीची निघाली तर विषय मिटला. मग दोनच वाटा : फोटो १९८१च्या आधीचा, किंवा माणूस दुसरा. नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ १९७० साली आलं, त्यानंतर जमिनीसाठी मोर्चे ८४च्या आधीही निघाले. ट्रक यात्रेला किंवा लग्नालाही गेलेला असू शकतो. हौद्यातल्या माणसांच्या हातात काय आहे ते बघा : झेंडा, फलक, की ताशा?

माणूस ओळखायचा तर मधल्या म्हाताऱ्याच्या मागे लागू नका. हौद्यातलं सगळ्यात लहान पोरगं शोधा. तेव्हा बारा-पंधरा वर्षांचं असेल, तर आज साठीच्या आसपास गावातच कुठेतरी असेल. फोटोवर पारदर्शक कागद ठेवा, डोक्यांना आकडे घाला आणि त्याला विचारा, “तू कुठे निघाला होतास?” स्वतः कुठे चाललो होतो ते माणूस सहसा विसरत नाही. मग शेजारी कोण बसलं होतं ते तोच सांगेल. नाव विचाराल तेव्हा बापाचं नाव आणि घराला गावात काय म्हणतात तेही विचारा. एकाच नावाचे दोन चुलतभाऊ गावात टोपणनावानंच वेगळे ओळखले जायचे.

बॅनरबद्दल माझं मत ठाम आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात दास्तान फाटा आणि नवघर इथे पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्या कार्यक्रमात लागणारा प्रत्येक चेहरा त्या दिवसाचा साक्षीदार म्हणून बघितला जाईल. आजोबा तीन वर्षं आधी गेले असतील तर त्यांना तिथे उभं करणं त्यांच्यावरही अन्याय आहे. या वर्षी बॅनर नको. फोटो साध्या कागदावर छापून कार्यक्रमाच्या मांडवात एका टेबलावर ठेवा, शेजारी वही आणि पेन्सिल ठेवा. त्या दिवशी मांडवात ओळखणारी माणसं असतील, वर्षात दुसऱ्या कुठल्याही दिवशी एवढी एका जागी मिळणार नाहीत.

प्रश्न : मुलानं फोनवरच्या एका अॅपमध्ये आजीच्या आईचा धूसर फोटो टाकला. चेहरा इतका स्पष्ट आला की डोळ्यांच्या पापण्या दिसतात, साडीला रंगही आला. दुसऱ्या एका अॅपनं तो चेहरा माझ्या मावशीशी जुळतो असं सांगितलं. पण आजी सांगायची, तिची आई गोरी होती आणि तोंडावर देवीचे वण होते. फोटोतली बाई सावळी आहे, वण एकही नाही, साडी काळी. मग ही ती नव्हेच का?
— ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : स्पष्ट केलेला चेहरा बाजूला ठेवा आणि ओळख पटवायला तो कधीच वापरू नका. धूसर फोटोत ज्या पापण्या नव्हत्या, त्या अॅपनं दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाजानं भरल्या आहेत. ते चित्र सुंदर असेल, पण तुमच्या पणजीचं नाही. त्या चेहऱ्याशी केलेली जुळणीही म्हणून व्यर्थ. मूळ फोटोची केली तरी ही अॅप्स बहिणी-बहिणी, मावशी-भाची यांत गफलत करतात. घरातल्या चेहऱ्यात साम्य असणारच, आपल्याला हवी असते ती ओळख.

आजीनं सांगितलेल्या दोन्ही गोष्टी मात्र या फोटोला छेद देत नाहीत. जुन्या काचेच्या प्लेट्स आणि सुरुवातीच्या फिल्म्सना लाल रंग दिसतच नसे. लालसर झाक असलेली गोरी कातडी त्यांत सावळी उतरायची, लाल लुगडं काळं, कुंकू तर डांबरासारखं. फोटोत काळी दिसणारी ती साडी लाल शालूही असू शकते. उलट आकाश, निळं लुगडं, निळे-घारे डोळे फिके पांढुरके यायचे.

आणि देवीचे वण. माझे वडील निगेटिव्हवर पातळ औषध लावून अणकुचीदार पेन्सिलीनं तेच तर भरायचे. वणाच्या खळग्यातली सावली निगेटिव्हवर पारदर्शक येते, तिथे शिसं भरलं की छापताना ती जागा उजळते आणि वण जातो. सुरकुत्या, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्याच पेन्सिलीनं जायचं. ते म्हणायचे, “वण राहू दे म्हणणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.” म्हणून स्टुडिओतल्या फोटोत वण, तीळ नाही यावरून माणूस बाद करू नका. हौशी कॅमेऱ्यानं अंगणात काढलेला फोटो असेल तर गोष्ट वेगळी, त्याला कोणी हात लावत नसे.

मग बघायचं काय? कान. रिटचिंग करणारा कानाकडे फिरकत नसे. कानाची पाळी गालाला चिकटलेली की सुटी, वरची कड कशी वळते, मधला उंचवटा कसा आहे, हे मोठेपणी फारसं बदलत नाही, फक्त उतारवयात कान लांबतो. पॅरिसच्या पोलिसांत बर्तियाँनं १८८०च्या दशकात माणसं ओळखायची पद्धत बसवली, तिच्यातही कानाला मोठं स्थान होतं. आपल्या जुन्या बायकांचे केस मागे चापून बसवलेले असतात, त्यामुळे कान छान दिसतात, फक्त बुगड्यांनी वरची कड ओढली गेली असेल ते ध्यानात घ्या. कान वेगळा निघाला, डोकं त्याच कोनात असूनही, तर माणूस वेगळं. कान सारखा निघाला तर ‘असू शकेल’, त्याहून जास्त नाही.

प्रश्न : फोटोमागे नाव कशानं लिहावं? लॅमिनेट करून घेतले तर टिकतील का? तुम्हाला दाखवायला मूळ फोटो टपालानं पाठवत आहे.
— कोपरी, ठाणे

उत्तर : मऊ पेन्सिलीनं, मागच्या कडेला, हलक्या हातानं, फोटो काचेवर पालथा ठेवून. गुळगुळीत प्लॅस्टिकसारख्या नव्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे नाव पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला. लॅमिनेट मुळीच करू नका, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको. काळ्या पानांच्या अल्बममधून फोटो उचकटू नका, पान अख्खं स्कॅन करा. स्कॅन दोन्ही बाजूंचा, ६०० डीपीआयला.

तुमचं पाकीट पोचलं. फोटो शाबूत आहे, कोपरा मात्र टपालात दुमडला आहे. मागच्या शाईत ‘चि.’नंतर जे अक्षर तुम्ही ‘बा’ वाचलंय ते मला ‘बो’ वाटतं, उजेडात तिरका धरून बघा. मी त्यावर काहीही लिहिलेलं नाही. तो पुन्हा टपालात टाकायची माझी हिंमत नाही. मासिकाच्या कार्यालयात माझ्या नावाच्या पाकिटात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवला आहे. कोपरीहून येऊन स्वतः घेऊन जा आणि येताना फोटोतल्या मुलाला ओळखणारं घरात कोणी असेल तर त्यांना बरोबर आणा.